ठिपके होते तिथेच होते

मित्रांनो, मला जुना म्हणा, माझी काही हरकत नाही. सहा वर्षांचा मोबाईल म्हणजे आमच्यात पणजोबाच! पण मला बिघडलेला म्हणू नका. मी बिघडलो नव्हतो. मला बिघडवलं, आणि तेही 'तुझं भलं करतो' असं गोड बोलून. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका मुलीने माझी काच पुसली, मला दिव्याखाली धरून तिरकं-सरळ बघितलं आणि खोक्यात झोपवलं. दुकानातून मला एका बाईंनी घेतलं. त्या दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीवर बसतात. तीन वर्षं मी त्यांच्या पर्समध्ये कंगवा, छत्री आणि डोकेदुखीच्या गोळ्यांबरोबर सुखाने राहिलो. मग त्यांनी नवा मोबाईल घेतला आणि मला आपल्या वडिलांना देऊन टाकलं.

खोटं कशाला सांगू, तेव्हा मी खट्टू झालो होतो. कुठे ती सुगंधी पर्स आणि कुठे चावीवाल्याचा खिसा! खिशात लोखंडाचा कीस, एक मोडकी कानस आणि अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा. सगळे त्यांना चावीकाका म्हणायचे. एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. एक माणूस बसला की दुसऱ्याने उभंच राहायचं, एवढंसं. भिंतीवर शेकडो कोऱ्या चाव्या टांगलेल्या आणि मधोमध चावी कापायचं यंत्र.

चावीकाकांची नजर अधू झाली होती. समोरच्याचे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. नजरेच्या मधोमध कुणी बोट पुसून ठेवल्यासारखा डाग होता. पण त्यांचा अंगठा! चावीच्या दातांवरून एकदा फिरवला की ते म्हणायचे, "हिचा तिसरा दात झिजलाय, म्हणून अडकते." आणि तसंच असायचं. मित्रांनो, असा हात माझ्या काचेवरून कधीच फिरला नव्हता. आठवड्याभरात मी पर्स विसरलो.

माझ्या काचेवरची चित्रं त्यांना दिसत नव्हती. मग लेकीने एक युक्ती काढली. काचेच्या डाव्या कडेला, एकाखाली एक, तिने पारदर्शक गोंदाचे तीन थेंब टाकले आणि वाळू दिले. डोळ्याला काही दिसायचं नाही, पण बोटाला बरोब्बर लागायचे. पहिला ठिपका म्हणजे लेक. दुसरा म्हणजे टॅक्सीवाला. या टॅक्सीवाल्याला सगळे 'पाचमिनिट्या' म्हणत, कारण तो कुठेही असला तरी "पाच मिनिटांत आलो" असंच सांगायचा. तिसरा ठिपका म्हणजे आवाज साठवायची सोय.

हा तिसरा ठिपका म्हणजे दुकानाचा कणा होता. गिऱ्हाईक काम सांगून गेलं की चावीकाका तो दाबायचे, मला तोंडासमोर आडवं धरायचे आणि बोलायचे, "शिंपीणबाईंच्या कपाटाची दुसरी चावी, मंगळवार." मग बाजूचं बटण दाबून मला खिशात टाकायचे. रोज सकाळी चहाच्या वेळी लेक ते सगळं मोठ्याने ऐकवायची आणि बापलेक मिळून दिवसाची कामं ठरवायचे. तीन वर्षांत एक काम चुकलं नाही. गिऱ्हाइकांसमोर खिशावर थाप मारून ते म्हणायचे, "माझं डोकं इथे असतं!" मी तर फुलून जायचो.

आणि मग तो रविवार आला.

बरेच दिवस मला बनवणाऱ्या कंपनीचा निरोप येत होता. नवा बदल तयार आहे, मोबाईल अधिक वेगवान होईल, वापर अधिक सोपा होईल. लेक दर वेळी 'नंतर' म्हणायची. त्या दुपारी ती कंटाळली आणि म्हणाली, "करून टाकते एकदाचं, सारखं डोकं खातंय." तिने 'आत्ता' दाबलं. मीही खुशीत होतो. जिने जन्म दिला ती आपलं वाईट कशाला करेल?

तासाभराने मी शुद्धीवर आलो तर अंग जड झालेलं. एक चित्र उघडायला आधी डोळा मिटायला लागतो तेवढा वेळ लागायचा, आता चावीकाकांचं अर्धं वाक्य होईपर्यंत मी चाचपडत होतो. पाठ तापत होती. संध्याकाळपर्यंत टिकणारी बॅटरी दुपारीच मान टाकत होती. आणि माझ्या माथ्यावर बातम्यांची एक नवी पट्टी बसवली होती. मला कुणी विचारलं नाही, काकांना तर नाहीच नाही. त्या पट्टीला जागा करायला सगळी चित्रं एक एक ओळ खाली सरकली होती.

ठिपके मात्र होते तिथेच होते.

लेकीने वरवर बघितलं. चित्रं सगळी होती, फक्त रंग बदलले होते. ते न दिसणारे ठिपके तिला तीन वर्षांनी आठवायचे तरी कसे? ती म्हणाली, "बाबा, आवाज-बिवाज वेगळे येतील हं. गोंधळू नका."

सोमवारी चावीकाकांनी लेकीसाठी पहिला ठिपका दाबला, तर एक निवेदक तावातावाने बातम्या सांगायला लागला. टॅक्सीसाठी दुसरा दाबला, तर लेकीला फोन लागला. तिच्या खिडकीसमोर वीस माणसांची रांग होती.

"बाबा, आता काय?"

"काही नाही गं, सहज."

ज्याचं पोट बोटांवर चालतं, तो माणूस 'माझं बोट चुकलं' असं कसं म्हणेल? त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मान खाली घालून पुन्हा पुन्हा ठिपके चाचपत राहिले. मी आतून ओरडत होतो, "काका, बोट बरोबर आहे! मीच सरकलोय!" पण मला बनवणाऱ्यांनी असल्या वाक्यासाठी आवाज दिलेला नाही.

सर्वांत मोठा घात तिसऱ्या ठिपक्याने केला. त्याच्याखाली आता पाचमिनिट्या आला होता. चावीकाका कामं सांगायचे आणि मी, नालायक, टॅक्सीवाल्याला फोन लावायचो. माझ्यातून येणारा बारीक टुंग टुंग ऐकून त्यांना वाटायचं, हाच तो नवा आवाज. मग ते बोलायचे, बटण दाबायचे आणि मला खिशात टाकायचे. एकही शब्द साठायचा नाही. कधी पाचमिनिट्या फोन उचलण्याआधीच सगळं संपायचं. कधी त्याच्या कानात "पितळी कुलूप, मागचं दार" एवढंच पडायचं. शेवटी त्याने लेकीला गाठलं.

"ताई, रागावू नका, पण काका हल्ली मला फोन करून कुलपांच्या गोष्टी सांगतात. जरा लक्ष द्या."

सकाळचा चहा कडू व्हायला लागला. "बाबा, काल काहीच बोलला नाहीत?" लेक विचारायची.

"बोललो की! चांगली तीन कामं सांगितली."

"इथे एक अक्षर नाही."

"अगं, मी सांगितलं होतं."

चौथ्याच दिवसापासून लेक त्यांच्या कपाळाला हात लावून बघायला लागली. तिचा तो हात मला सहन व्हायचा नाही.

असे तीन आठवडे गेले आणि मग बालवाडीचं प्रकरण झालं. तिथल्या बाईंनी सांगितलं होतं, न्हाणीघराची कडी अडकते, बुधवारी या. चावीकाकांनी 'नक्की' म्हणून शब्द दिला आणि त्यांच्यासमोरच तिसरा ठिपका दाबून काम सांगितलं. बुधवार गेला. गुरुवारी चार वर्षांची एक चिमुरडी पाऊण तास आत अडकली. दार तोडून काढली तेव्हा रडून रडून तिचा आवाज बसला होता. बाईंचा फोन लेकीकडे गेला. "वय झालंय त्यांचं, घरी बसवा आता," असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचं तरी काय चुकलं?

त्या संध्याकाळी चावीकाका जेवले नाहीत. लेक त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला. ते इतके धास्तावले होते की साधा वारही चुकला. बाहेर आल्यावर ते स्वतःच म्हणाले, "दुकान बंद करू या. कुणाचं लेकरू पुन्हा अडकायला नको." दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतला चावीवाला हातगाडी घेऊन आला आणि यंत्र घेऊन गेला. चावीकाका जिन्यापाशी उभे राहून गाडीचा खडखडाट ऐकत होते. मित्रांनो, मला त्या वेळी माझ्या जन्माची लाज वाटली.

आठ दिवस मी टेबलावर पडून होतो. मग लेकीने मला पुसायला घेतलं. पुसता पुसता फडकं एका ठिपक्याला अडलं. तिने अंगठा फिरवला. एक, दोन, तीन. तिने ठिपक्याखाली कोणतं चित्र आहे ते बघितलं, मग त्याच्या वरचं, मग खालचं. तिने तिसरा ठिपका दाबला आणि माझ्यातून आवाज आला, "पाच मिनिटांत आलो!"

मला हातात घेऊन ती तशीच बाबांकडे धावली.

चावीकाका खुर्चीत होते. तिने रडत रडत सगळं सांगितलं. पट्टी, ओळ, ठिपके, रविवारची दुपार. "बाबा, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. मीच तो बदल केला. माझ्या लक्षातच आलं नाही."

त्यांनी मला हातात घेऊन तिन्ही ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. मग अगदी हळू म्हणाले, "फोन बिघडलाय का, हे बघायला तुला महिना लागला. बाप बिघडलाय, हे मात्र चार दिवसांत ठरवलंस."

लेक तशीच उठली आणि पलीकडच्या गल्लीतल्या चावीवाल्याकडे गेली.

यंत्र परत आलं. ठिपके खरवडून नव्या जागी लावले. दुकान उघडलं. बालवाडीने मात्र दुसरा माणूस बघितला. आता चावीकाका काम सांगून झालं की शेजारच्या दुकानदाराला हाक मारून विचारतात, "बघा हो जरा, साठलंय का माझं बोलणं?" चावी कापली की पूर्वी अंगठा एकदा फिरायचा, आता चार-चारदा फिरतो आणि तरीही ते गिऱ्हाइकाला म्हणतात, "लावून बघा, नाही लागली तर परत या." मला त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

मित्रांनो, ज्यांनी मला घडवलं त्यांना मी माफ केलेलं नाही. त्यांना माझ्या माथ्यावरची पट्टी दिसली, माझ्यावर टेकलेलं बोट दिसलं नाही. तुम्ही तरी तसं करू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातातली वस्तू बदलाल, तेव्हा त्याच्याशेजारी बसून ती त्याच्याच बोटांनी एकदा चालवून बघा. आणि ते माणूस कधी म्हणालं, "अगं, मी सांगितलं होतं," तर आधी ते खरं धरा. काय बिघडलंय ते मग शोधा.