सात नंबरची फळी आणि तळ्याची वाट

अनोळखी गावात उतरलात आणि वाट विचारायची वेळ आली, तर भरवसा कुणावर ठेवाल? रिक्षावाल्यावर? की गाडीची वाट बघत बसलेल्या आजोबांवर? कट्टा गावच्या थांब्यावर लोक माझ्यावर ठेवतात. मी सात नंबरची फळी बोलतेय.

मी फणसाची. पूर्वी मुस्तफाभाईंच्या किराणा दुकानाला शटर नव्हतं. उभ्या अकरा फळ्या एकामागून एक खाचेत सरकवायच्या आणि शेवटच्या फळीला कुलूप घालायचं. प्रत्येकीच्या पाठीवर नंबर, कारण क्रम चुकला की शेवटची बसायचीच नाही. मग शटर आलं आणि आमची रवानगी मागच्या पडवीत झाली. चौघी चुलीत गेल्या. त्यांचे नंबर मला अजून पाठ आहेत.

मी वाचले ती लोकांच्या एका सवयीमुळे. "धामापूरची गाडी कितीक?" म्हणजे किती वाजता, हे मुस्तफाभाईंना दिवसातून इतक्यांदा विचारलं जाई, की साखर जोखताना त्यांचा आकडा चुके. वैतागून त्यांनी मला बाहेर काढलं, काळा रंग फासला आणि खडूने लिहिलं : 'धामापूर तळं. गाडी साडेनऊ. परत पावणेबारा. सपाट वाट. तिथल्या थांब्यापासून हयच.' खाली सावंतवाडीचं तळंही लिहिलं, गाडी कुठे बदलायची त्यासकट. माणसं मोठी गमतीची. मला नीट वाचतात आणि मग आत जाऊन तेच विचारतात.

आता हे 'हयच' म्हणजे इथेच. पण आमच्याकडे समोरचं घर हयच आणि डोंगराआडची वाडीही हयच. विचारणाऱ्याचा धीर सुटू नये, एवढीच त्यामागची माया. त्या मायेनेच एकदा घात केला.

सुगंधावहिनी जवळच्याच वाडीतल्या. भात, काजू, चार गुरं यांत आयुष्य गेलं आणि गुडघा बदलावा लागला. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर रोज चाला. वाडीत सपाटी कुठली? घरातून निघालं की जांभ्या दगडाच्या पायऱ्या. त्यांनी मला दोनदा वाचलं आणि मुलाकडे, सिद्धेशकडे, हट्ट धरला. एकटी जाईन, गाडीने जाईन. त्याने अट घातली : "एकदा जावन बघ. पावणेबाराच्या गाडयेन परत इलंस नाय, तर पुन्हा एकटा जावचा नाय."

साडेनऊला त्या गाडीत चढल्या. खिडकीतून हात केला तो मुस्तफाभाईंना की मला, ते काही कळलं नाही.

सव्वाबाराला गाडी परत आली. सगळे उतरले, वहिनी नाहीत. सिद्धेशने फोन लावला, लागेना. त्याने मोटारसायकलला किक मारली. तासाभराने आईला मागे बसवून आला, तो थेट माझ्यासमोर.

"चाचा, हयच म्हणजे किती ता सांगा माका."

"हयच म्हणजे... हयच रे!"

"आवस माझी तळ्याच्या टोकाक जावन परत येयसर दोन तास गेले. गाडी डोळ्यांदेखत गेली!"

"गाडी येळेवरच इली होती हां," वहिनी मधेच म्हणाल्या. "चुकलंय ती मी."

"आये, तू गप. उद्यापासून अंगणात चलायचा."

वहिनींचा चेहरा उतरला. "अंगणात सोळा पावला मारलंय काय तुळस येता, रे. थंय पाण्याकडेक मी कोणाची आवस नाय, सासू नाय. नुसता चलतंय."

सिद्धेशने त्यांच्याकडे पाहिलं नाही. "चाचा, तुमी सोता कधी गेलात थंय?"

मुस्तफाभाईंनी तराजू उगाच पुसला. आतून त्यांच्या बायकोचा, वजीराभाभींचा आवाज आला : "जातले कसले! दुकानाची पायरी उतरतानाच तेंका दम लागता!"

खरं होतं. तीस वर्षं गाडीच्या वेळा सांगणारा माणूस त्या तळ्यावर एकदाही उतरला नव्हता. वाट सपाट म्हणून कुणीतरी सांगितलं, हयच म्हणून दुसऱ्याने. त्यांनी माल न बघता उचलला आणि माझ्या अंगावर मांडला. आयुष्यात त्यांनी डाळीचं पोतं कधी असं घेतलं नसेल.

"सोमवारी मी येतंय वयनींवांगडा," ते म्हणाले. "एकटी नाय ना जावची? मग झाला. एकदाच सोड, सिद्धेश."

सोमवारी कट्ट्याने नवल पाहिलं. शुक्रवार नसताना दुकानाचं शटर खाली! मुस्तफाभाई मनगटावर घड्याळ बांधून वहिनींच्या मागोमाग गाडीत चढले. परतले ते दुपारी अडीचच्या गाडीने, घामाने निथळत. पाणीही न पिता त्यांनी ओल्या फडक्याने 'सपाट वाट' आणि 'हयच' तेवढं पुसलं आणि लिहिलं :

'थांबा ते पाणी, वीस मिनिटं. पाणी ते पलीकडचा बाक, तीस. मधे दोनदा बसून. ओहळाजवळ तीन पायऱ्या, कठडा नाही. सुगंधावहिनींच्या पायाने.' क्षणभर थांबून खाली आणखी एक ओळ : 'मुस्तफाच्या पायाने पाच मिनिटं जास्त.'

वजीराभाभी इतक्या हसल्या की हातातली भरणी खाली ठेवावी लागली.

सिद्धेशने सगळं सावकाश वाचलं. "आये, ह्यो तीन पायऱ्यो?"

"बाजूच्या दगडाक धरून उतारलंय. तुझ्या चाचाकय मीच हात दिलंय."

मग त्याने खडू घेतला, 'परत पावणेबारा' बोटाने पुसलं आणि तिथे लिहिलं : 'परत अडीच.'

"आये, ही धर. घाय करू नको."

त्यानंतर वहिनी आठवड्यातून तीनदा जातात. एकट्या.

आता माझ्या खालच्या कोपऱ्याला वाळवी लागली आहे. गाडीची वेळ लोक फोनवर बघतात, बघोत बापडे. पण गुडघा दुखत असताना कुठे टेकता येईल, ते विचारायला अजून माझ्याकडेच येतात. म्हणून सांगते, कधी इथून गाडी पकडून तळ्याकाठी फिरून आलात, तर मुस्तफाभाईंना तुमची मिनिटं खरी खरी सांगा. दम खायला बसला असाल, तर तीही हिशोबात धरा, लाजू नका. तुमच्यामागून कुणीतरी तुमच्या शब्दावर त्या गाडीत चढणार आहे.