शेवटचं प्रकरण आधी

रहस्यकथा ऐकताना शेवट आधी ऐकून घेणारी माणसं जगात काही कमी नाहीत. त्यांना धीर धरवत नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. पण शेवट आधी ऐकायचा आणि मग चारचौघांत तो ओळखून दाखवायचा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. या घरातल्या सुनेनं ते केलं. एकदा नाही, पुस्तकामागून पुस्तक केलं.

सून पडदे शिवायच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली, ओळीनं मशिनं आणि प्रत्येक बाईच्या एका कानात काहीतरी खोचलेलं. कुणी गाणी ऐकायची, कुणी बहिणीशी तासन्तास बोलायची. ही खून ऐकायची. पडद्याची सरळ शिलाई मारायला हात पुरतात, डोकं मोकळंच असतं. त्या मोकळ्या डोक्यात तिनं विषप्रयोग, बनावट मृत्युपत्रं आणि बेपत्ता नवरे भरून ठेवले होते. मालकीणबाई म्हणायच्या, "खून कुठे पडला ते मला तुझ्या शिलाईवरून कळतं गं. बरोबर तिथे टाका वाकडा जातो."

तिचे सासरे औषधांच्या दुकानात काउंटरला उभे राहायचे. दुकान त्यांचं आणि त्यांच्या एका जुन्या मित्राचं. डॉक्टरांची अगम्य अक्षरं लावण्यात त्यांची हयात गेली होती आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. गिऱ्हाइकं त्यांनाच डॉक्टर म्हणायची. "डॉक्टर नाही हो, डॉक्टरांनी काय लिहिलंय ते कळणारा," असं ते प्रत्येकाला सांगायचे आणि प्रत्येक वेळी मनातून खूश व्हायचे. पण दिवसभर गोळ्यांच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचून संध्याकाळी डोळे चुरचुरायचे. पुस्तक हातात धरवेना. तेव्हा सुनेनं आपला फोन स्वयंपाकघरातल्या स्पीकरला जोडला आणि म्हणाली, "बाबा, डोळे मिटून बसा. आता कान कामाला लावा."

तेव्हापासून त्यांची रोजची बैठक ठरली. ती ओट्याशी भाजी चिरायची, ते टेबलाशी मटार सोलायचे, आणि स्पीकरमधून एक धीरगंभीर बाई कुणाचा तरी जीव घ्यायची. अर्धं पुस्तक झालं की दोघांनी खुन्याचं नाव सांगायचं आणि कारणं द्यायची, असा नियम होता. बहुतेक वेळा सासऱ्यांचं बरोबर यायचं. कोण कुणाच्या आधी जिना उतरलं, कुणाचा कोट ओला होता, सगळं त्यांच्या ध्यानात असायचं. सून बेधडक वाट्टेल ते नाव ठोकून द्यायची आणि हरली की खो खो हसायची. मजेत चाललं होतं.

मग ते दंतवैद्याचं पुस्तक आलं. एका दंतवैद्याला कुणीतरी त्याच्याच खुर्चीत मारून ठेवलं होतं. बायको, भागीदार, कवळ्या बनवणारा कारागीर, सगळ्यांवर संशय. कारखान्यात बसल्या बसल्या सुनेला राहवेना. तिनं फोनवर बोट फिरवलं आणि सरळ शेवटचं प्रकरण लावलं. खुनी निघाली बाहेर बाकावर बसलेली एक म्हातारी शिक्षिका. ऐकून झाल्यावर तिनं ऐकणं कुठे थांबलं ते दाखवणारी फोनमधली खूण पुन्हा होती तिथे आणून ठेवली, नाहीतर संध्याकाळी स्पीकर भलतीकडूनच बोलायला लागला असता.

त्या संध्याकाळी तिला फक्त खोडी काढायची होती. नाव सांगायचं, बाबांची फजिती बघायची आणि मग खरं काय ते सांगून टाकायचं.

"ती बाकावरची शिक्षिका," ती म्हणाली.

सासऱ्यांचा हात मटारच्या शेंगेवर थांबला. "कशावरून?"

"दाढ ठणकतेय म्हणते आणि गार पाण्याचा पेला घटाघटा पिते. ठणकणाऱ्या दाढेला गार पाणी चालेल?"

हे कारणही शेवटच्या प्रकरणातलंच होतं, अगदी शब्दासकट. सासरे तिच्याकडे बघतच राहिले. "अगं, हे माझ्या कसं लक्षात आलं नाही? मी औषधवाला माणूस!" आणि तिनं तोंड उघडायच्या आत त्यांनी मुलीला फोन लावला. "ऐक, तुझ्या वहिनीचं डोकं बघ कसं चालतं. आपल्या घरात इन्स्पेक्टर आहे, आपल्याला पत्ताच नव्हता!"

आता तिची बाजूही सांगायला हवी. तिचा नवरा इंजिनीअर, नणंद कॉलेजात शिकवणारी. हिचं कॉलेज मध्येच सुटलेलं. घरात तिला कुणी वाईट वागवत नव्हतं. उलट सगळे तिचं कौतुकच करायचे. ती कामाला वाघ होती, समजूतदार होती, मनानं मोठी होती. हुशार मात्र तिला कुणी कधी म्हटलं नव्हतं, ना सासरी ना माहेरी. तसं काही पहिल्यांदाच कानावर पडलं आणि खरं सांगायचं तिच्या जिवावर आलं. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सासरे दुकानातल्या मित्राला घेऊन आले आणि म्हणाले, "ही आमची इन्स्पेक्टर." मग ते राहूनच गेलं.

पुढच्या पुस्तकाच्या वेळी तर हरायची सोयच उरली नव्हती. इन्स्पेक्टर हरेल कशी? कारखान्यात गेल्या गेल्या आधी शेवटचं प्रकरण, मग खूण मागे, मग संध्याकाळी कपाळाला आठ्या घालून विचार केल्याचं नाटक. नाटक तिला छान जमायला लागलं. नाव लगेच सांगायचं नाही, एकदोन चुकीच्या माणसांवर संशय घ्यायचा, मग हळूच खऱ्याकडे वळायचं. पुरावा मागे ठेवायचा नाही, एवढं तर इतके खून ऐकून कुणीही शिकेल.

सासरे सुरुवातीला हसत हरायचे. मग हसू नुसतं तोंडावरचं झालं. मग ते मागे आलेलं पुन्हा लावायला सांगू लागले. "हे आधी आलं होतं? मी ऐकलं कसं नाही?" आलेलं असायचं आणि त्यांनी ऐकलेलंही असायचं. पण लेखक ज्या गोष्टी लपवून ठेवतो त्या त्यांना सापडत नव्हत्या आणि सुनेला मात्र नेमक्या त्याच सापडत होत्या. आपण म्हातारे झालो, याहून दुसरा अर्थ त्यांना लागेना. सुनेला सगळं दिसत होतं. पण दिसत असूनही माणूस बघत नाही, तसं तिचं झालं होतं.

एका रविवारी सासरे अंघोळीला गेले असताना त्यांचा मित्र चहाला आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "सूनबाई, याचं काही बिनसलंय का? हल्ली प्रत्येक पाकीट माझ्याकडून तपासून घेतो. चूक एकही सापडलेली नाही. तरी देताना पुन्हा पुन्हा वाचत राहतो. काल म्हणतो, माझ्यावर लक्ष ठेव, माझं डोकं आता भरवशाचं राहिलं नाही."

कपबशा उचलायच्या निमित्तानं सून आत गेली आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिली. एका हुशार माणसाचं डोकं आपण रोज थोडं थोडं चोरतोय, हे तिला इतक्या स्वच्छपणे पहिल्यांदाच कळलं. तिला स्वतःची किळस आली.

पण सरळ जाऊन सांगेल तर ती कसली! तिनं त्यातही अक्कल लढवली. आता आपण हरायचं, बाबा जिंकतील, सगळं आपोआप जागेवर येईल. पुढच्या पुस्तकात तिनं कुत्र्यांना फिरवायला नेणाऱ्या मुलाचं नाव घेतलं. तो मुलगा खुनाच्या दिवशी गावातच नव्हता, हे स्पीकरसुद्धा सांगत होता. सासऱ्यांनी माळ्याचं नाव सांगितलं आणि ते बरोबर निघालं. ते हसले नाहीत.

"इन्स्पेक्टर," मटारची टरफलं एकत्र करत ते म्हणाले, "मला हरलेलं चालतं. दया नको करूस."

पुढच्या रविवारी त्यांनी लेकीला आणि मित्राला जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर सगळे टेबलाशीच बसून असताना मित्राच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "मी काउंटर सोडतोय. याची पुतणी फार्मसी शिकून आली आहे, ती उभी राहील."

"बरंच झालं बाबा," सुनेचा नवरा म्हणाला. "किती वर्षं उभं राहायचं? आता आराम करा."

"आरामासाठी नाही रे." ते शांतपणे बोलत होते. चार दिवस मनात घोळवलेलं असावं. "गोष्टीतला खुनी ओळखला नाही तर कुणाचं काही जात नाही. पण ते डोकं आणि काउंटरवरचं डोकं एकच आहे ना? समोर ठेवलेलं मला दिसेनासं झालंय. उद्या एखाद्या पोराला भलतं औषध गेलं तर?"

नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. मित्र टेबलाकडे बघत राहिला. आणि सून उठून उभी राहिली.

"बाबा, मी लबाडी केली. मी एकही खुनी ओळखला नाही. कारखान्यात बसून शेवटचं प्रकरण आधी ऐकायचे आणि घरी येऊन तुम्हाला सांगायचे. त्या दंतवैद्याच्या वेळेपासून. तुमचं डोकं चांगलं आहे. लबाड मी आहे."

सासरे मऊ आवाजात म्हणाले, "बस खाली. अशानं मला बरं वाटेल असं वाटलं तुला?"

"खोटं नाही बोलत! देवाशप्पथ!" ती जवळजवळ ओरडलीच. "आत्ता जे पुस्तक चालू आहे ना, त्याची तीनच प्रकरणं झालीत. त्यात खुनी आहे त्या घराची मोलकरीण. मी शेवट ऐकलाय म्हणून सांगतेय."

नवऱ्यानं तिचा फोन उचलून पाहिला. "खूण तर चौथ्या प्रकरणावर आहे. तू पुढे गेलेलीच नाहीस."

"मी मागे आणून ठेवते! प्रत्येक वेळी!"

सासऱ्यांनी मित्राकडे वळून बघितलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर खरं कौतुक उमटलं. "तीन प्रकरणांत ओळखली बघ. मला अजून मोलकरणीचं नावही नीट आठवत नाही. आणि वर माझ्यासाठी स्वतःला लबाड म्हणवून घेतेय."

नणंदेनं उठून तिला मिठी मारली. "वहिनी, एवढं कोण करतं गं सासऱ्यांसाठी?"

त्या मिठीत तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागावले असते, चार शब्द सुनावले असते, बोलणं टाकलं असतं, तर तिनं ते मुकाट्यानं सोसलं असतं. पण ते तिला चांगली म्हणत होते. रात्री नवऱ्याला तिनं पुन्हा सांगून पाहिलं. तो म्हणाला, "पुरे आता. बाबांनी मनाची तयारी केलीये, तू आणखी हलवू नकोस."

पुतणी काउंटरला उभी राहिली. सासऱ्यांनी आपला पांढरा कोट स्वतः धुतला, इस्त्री केला आणि तिला नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी सून कारखान्यातून आली तर ते टेबलाशी बसलेले होते. मटार कधीच सोलून झाले होते. दिवसभरात त्यांनी मसाल्याच्या डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्याही चिकटवल्या होत्या, सुरेख अक्षरात. तिनं नवीन पुस्तक लावलं. मोलकरणीच्या त्या पुस्तकाला पुन्हा कुणी हात लावला नव्हता. या नव्या पुस्तकाचा शेवट तिनं ऐकला नव्हता. शपथच घेतली होती तशी.

पहिलंच प्रकरण संपलं आणि सासरे म्हणाले, "सांगून टाक. कोण आहे?"

"मला नाही माहीत, बाबा. खरंच नाही. तुम्ही सांगा ना. तुम्हाला येतं."

"मी नाही आता त्या फंदात पडणार." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "डोक्याला नुसता ताण होतो. कोण आहे ते कळलं की मी निवांत ऐकेन."

तिला वाटलं, हीच संधी आहे. शब्दांनी पटत नाही तर डोळ्यांसमोर करून दाखवू. तिनं फोन त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला आणि त्यांना दिसेल असं बोट फिरवत शेवटच्या प्रकरणावर नेलं. "हे बघा. मी हेच करायचे. रोज, मशिनीवर बसून. हे एवढंच होतं माझं डोकं."

स्पीकरमधल्या धीरगंभीर बाईनं खुन्याचं नाव सांगितलं, कारणं सांगितली, सगळे दुवे एकेक करून उलगडून दाखवले. सासरे मान हलवत ऐकत होते. प्रकरण संपलं तसे ते खुर्चीत सैलावून बसले. चेहरा मोकळा झाला होता. तिला वाटलं, पटलं.

"हे फार बरं केलंस," ते म्हणाले. "माझ्याच्यानं आता शोधणं होत नाही, हे ओळखून किती सोपी युक्ती काढलीस. यापुढे असंच करत जाऊ. आधी शेवट लावायचा, मग पहिल्यापासून. एवढं झेपेल मला."

मग त्यांनी हात मांडीवर ठेवून डोळे मिटले आणि ती लावेल त्याची वाट बघत बसले. तिनं दुसरं प्रकरण लावलं. पुस्तक संपेपर्यंत तिला त्यांच्याकडे मान वर करून बघता आलं नाही.