लिंबाखालची परात

पिंकीनं खोकं कूलरसमोर ठेवलं, बटण फिरवलं आणि कमरेवर हात देऊन उभी राहिली. खोक्यातली पाच पिवळी पिल्लं वाऱ्याच्या झोतात एकमेकांना चिकटली आणि सगळी मिळून ओरडू लागली.

"अवं, काय करून राहिली तू?" खाटेवरून मोतीराम ओरडला. "थे काय पाहुणे आहेत का, कूलरसमोर बसवाले?"

"उन्हाळा आहे न, बाबा. गरम होत असन त्यायले."

"एवढुसा जीव त्यायचा. थंडीनं मरतीन. बंद कर पहिले."

पिंकीनं बटणाशी दोनदा खटपट केली. "अटकलं. बंदच होत नाई."

हे मात्र मोतीरामच्या वर्मी लागलं. अर्ध्या अमरावतीचे कूलर ज्यानं पत्रा कापण्यापासून बांधले, त्याच्या स्वतःच्या घरातलं बटण अटकतं म्हणजे काय? तो काठी शोधू लागला. काठी हाताशी नव्हती, म्हणून खाटेची कड, मग खुर्ची, मग भिंत धरत तो कूलरपाशी पोचला. बटण एका बोटानं फिरलं. सवयीनं त्यानं बाजूच्या ताटीला, पाण्यानं भिजणाऱ्या किसाच्या जाळीला, हात लावला, तर ताटी ठणठणीत कोरडी. पंपाची वायर सुटलेली होती. नुसताच कोरडा वारा येत होता.

"कूलर चालवता येत नाई आन बदकं पाळाले निघाली," तो म्हणाला. "कोनं सांगतलं होतं आणाले?"

चांदूर बाजारला मैत्रिणीच्या लग्नाला गेलेली त्याची ही सून येताना बाजारातून हे खोकं घेऊन आली होती. पिल्लं पाहून दया आली, म्हणाली. आता मान खाली घालून उभी होती.

"मले काय मालूम, बाबा? मले वाटलं, कोंबडीसारखंच असते सारं."

त्याला घाम फुटला होता. पलीकडच्या खुर्चीवर बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आज त्याला कुणी हाताला धरून उठवलं नव्हतं.

दिवाळीनंतर त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. हात बराच परतला, पाय नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे पहिले काही महिनेच हातात आहेत. चालला तर पाय परत येईल, बसला तर बसलाच. पण मोतीराम बसला. बायको वारून चार वर्षं झाली होती, मुलगा स्वप्निल अकोल्याला नोकरीवर, दर शनिवारी घरी यायचा आणि रविवारभर बापाच्या विनवण्या करायचा. पालथ्या घड्यावर पाणी. ज्या गल्लीतून तो खांद्यावर कूलर घेऊन ताठ चालला, त्या गल्लीनं आता त्याचा पाय ओढत जाताना पाहावा, हे त्याला मरणाहून जड होतं. अंगणाच्या फाटकाबाहेर तो दिवाळीपासून गेला नव्हता. शेजारच्या नसीमबानो एकदा विचारायला आल्या, "मोतीरामभाई, हमारा कूलर इस साल कौन देखेगा?" तर त्यानं भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं.

आता खाटेवरून शेळ्या हाकायला त्याला एक कळप मिळाला. आणि सून अशी, की रोज काहीतरी चुकवायची.

तिनं खोक्यात पेपर अंथरला. पिल्लं त्यावर घसरू लागली, एकाचे तर दोन्ही पाय दोन दिशांना फाकले. मोतीरामला ते पाहवेना.

"काढ थो कागद. पाय घसरते त्यायचा. लहानपणी पाय फाकला त मंग जलमभर तसाच राहते." बोलून झाल्यावर त्यानं आपला उजवा पाय आत ओढून घेतला. मग म्हणाला, "कोपऱ्यात जुन्या ताट्या पडल्या आहेत. त्यातला कीस टाक. पाय रुतते त्यात."

"कोनत्या ताट्या, बाबा? मले त सापडत नाईत."

समोर दिसणाऱ्या ताट्या तिला सापडत नव्हत्या! तो चरफडत उठला. जमिनीवर बसून त्यानं डाव्या हातानं जाळी उसवली, लाकडाचा कीस मोकळा केला, आणि थरथरत्या उजव्या हातानं तो खोक्यात पसरला. पिल्लं किसावर चढली, उभी राहिली आणि नीट चालू लागली. मोतीराम कितीतरी वेळ त्यांच्या नारिंगी पायांकडे बघत होता.

पाण्याचीही तीच कथा. पिंकीनं परात भरून सरळ पिल्लं त्यात सोडली.

"बुडतीन!"

"बदकं कुठी बुडते का, बाबा?"

"माय असली त तिच्या पिसाचं तेल लागते त्यायले. बिनमायचे पिल्लं हे. भिजले त गारठतीन." हे त्यानं आदल्या दिवशी मोबाइलवर बघितलं होतं. सबंध दुपार तेच बघत होता, पण ते सांगण्यात कमीपणा होता. त्यानं वाकून हात घातला, तर पाणी कोमट होतं आणि बोटाचं दुसरं पेरही बुडत नव्हतं. उन्हानं तापलं असेल, असं त्याला वाटलं. "नशीब तुयं," तो म्हणाला.

पिल्लं पिंकीच्या मागे कधीच जात नसत. ती दाणे टाकून लगबगीनं आत निघून जायची. पण मोतीरामचा पाय फरशीवरून सर्र करत घासला, की पाचही माना एकदम वर होत. तो आवाज त्याला स्वतःला सोसत नसे. पिल्लांना मात्र तेवढाच ओळखीचा होता. सर्र, टक, सर्र, टक. पुढे मोतीराम, मागे रांग. पहिल्यांदा रांग पाहिली तेव्हा तो थांबला, मागे वळला, आणि दिवाळीनंतर पहिल्यांदाच हसला. पिंकी स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. तिनं कणकेचे हात तसेच तोंडावर धरले.

एक मात्र तिचं काही केल्या सुधरेना. परात जागेवर ठेवणं तिला ठाऊकच नव्हतं. सुरुवातीला ती उंबऱ्याशी होती. मग नळाजवळ. मग पेरूच्या झाडाखाली, मग पार फाटकाच्या आतल्या कोपऱ्यात.

"एक भांडं जागेवर ठेवता येत नाई तुले?"

"चुकलं, बाबा. तिकडे सावली होती म्हनून ठेवली."

पिल्लांना पोहण्याची वेळ झाली, की मोतीरामला तिथवर जावंच लागे, कारण त्याच्याशिवाय ती जात नसत. तो पुटपुटत जायचा आणि पुटपुटत यायचा. भीमजयंतीची मिरवणूक दारावरून गेली तेव्हा तो फाटकापर्यंत आला होता. दरवर्षी विहारावरची रोषणाई तोच करायचा. पोरांनी "बाबा, चाला न!" म्हणून हाका मारल्या. त्यानं आतूनच हात जोडले. बाहेर पाऊल टाकलं नाही. त्या संध्याकाळी तो जेवलाही नाही.

मे महिन्यात पिल्लांची पिवळी लव जाऊन पांढरी पिसं आली. नसीमबानोंचा कूलर मोतीरामनं अंगणात आणवून घेतला आणि बसल्या बसल्या दुरुस्त केला. त्या म्हणाल्या, "खुद आके लगा देते तो अच्छा होता." तो म्हणाला, "पोट्ट्याले पाठवा, नेईन थो."

अशातच एका सकाळी नांदगाव खंडेश्वरकडून पिंकीचे मामा आले. श्याममामा. हातात आंब्यांची पिशवी, कपाळावर घाम आणि आवाज असा, की शेजारच्यांना बातम्या ऐकायला टीव्ही लागू नये. पिंकीची शाळा या मामांच्या गावी झाली होती. मोतीरामनं ते गाव कधी पाहिलं नव्हतं. पिंकी रसाची तयारी करायला आत गेली आणि दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसले.

बदकं पेरूखाली चोची खुपसत होती. मामांनी ती पाहिली आणि मांडीवर थाप मारली.

"घ्या! इथीबी आणले का तिनं? सुटलं नाई म्हना बदकांचं वेड."

"कोनाचं वेड?" मोतीरामनं विचारलं.

"पिंकीचं. आमचं तळं आहे न गावात. तिची आजी बदकं पाळे, पन सारं करे ही. कोंबडीखाली अंडे बसोनं, पिल्लं जगोनं, सारं. मास्तर शाळेत बोलावून विचारत तिले. तळ्याच्या काठी उभी राहून नुसता तोंडानं आवाज करे, त सारं तळं रिकामं होऊन हिच्या मांगं निघे. गावात नावच पडलं होतं, बदकवाली. सांगतलं नाई का तिनं?"

मोतीरामनं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं.

आधी त्याला राग आला. आपल्याला येड्यात काढलं, असं वाटून कानशिलं तापली. मग त्याला कोरडी ताटी आठवली. ज्यानं आयुष्यभर पंपाच्या वायरी जोडल्या, त्याला त्या दिवशी कळू नये? वायर सुटत नाही, ती घट्ट बसवलेली असते. कुणीतरी ओढली तरच निघते. ओल्या वाऱ्यानं पिल्लं गारठली असती, कोरड्यानं काही होणार नव्हतं. मग ते कोमट पाणी आठवलं, बोटाचं दुसरं पेरही न बुडणारं. उंबरा, नळ, पेरू, फाटक. तिनं पिल्लाला इजा होईल अशी एकही चूक केली नव्हती. सासऱ्याला उठावं लागेल, एवढीच करायची. आणि त्यापायी तो बोलेल ते ऐकून घ्यायचं, रोज, मान खाली घालून. जिचं नाव बदकवाली, तिनं "मले काय मालूम" म्हणायचं. स्वप्निलच्या विनवण्या, डॉक्टरांचा धाक, कशानंच जे झालं नाही ते या पोरीनं मूर्ख ठरून करून घेतलं होतं.  मोतीरामनं गमछ्यानं तोंड पुसलं, जणू घामच पुसतोय.

"काय झालं, भाऊ?" मामांनी विचारलं.

"काई नाई. ऊन लय आहे."

तेवढ्यात मामा दचकून उभे राहिले. "अरे! गेले, गेले!"

येताना मामांनी फाटकाची कडी लावली नव्हती. रोज काळजीनं लावलेली असायची ती कडी आज मोकळी होती, आणि पाच बदकं एकामागे एक, गावाला निघाल्यासारखी, बाहेर पडली होती. गल्लीच्या तोंडाशी रस्ता होता, आणि अलीकडे कडुलिंबाखाली दोन कुत्री पसरलेली. एक कुत्रं उठून बसलं.

पिंकी आवाज ऐकून रसाच्या हातानं दारात आली. मोतीरामनं तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ गोल झाले होते, गळ्याची शीर ताणली होती. एक आवाज, आणि सगळी बदकं माघारी आली असती. तिनं मोतीरामकडे पाहिलं. मग तिनं ओठ मिटले. भीतीनं तिचा रंग उतरला होता, तरी मिटले.

"बाबा," ती म्हणाली, "तुमीच जा. माह्यं नाई ऐकत थे."

मोतीराम उठला. काठी घेतली आणि फाटकातून बाहेर पडला.

सर्र, टक. गल्लीतल्या ओट्यांवरच्या बाया बोलायच्या थांबल्या. सायकलवरचा एकजण पाय टेकून उभा राहिला. नसीमबानो दारात आल्या आणि त्यांनी डोक्यावरची ओढणी सावरली. सर्र, टक, सर्र, टक. त्यानं कुणाकडे पाहिलं नाही. लिंबापर्यंत पोचून त्यानं कुत्र्याकडे काठी उगारली, "हाड!" आणि रस्त्याच्या कडेला गेलेल्या बदकांकडे वळून उजवा पाय मातीवरून मुद्दाम जोरानं घासला.

पाच माना वळल्या.

तो परत निघाला तेव्हा मागे रांग होती. आता मात्र त्यानं मान वर केली. "क्या बात है, मोतीरामभाई," नसीमबानो म्हणाल्या, आणि तो म्हणाला, "संध्याकाळी येतो तुमच्या घरी. थ्या कूलरची एक ताटी तिरपी बसली आहे."

शेवटचं बदक आत आल्यावर त्यानं कडी लावली. धाप लागली होती. पिंकी तिथंच होती, हातावरचा रस मनगटापर्यंत ओघळलेला.

"कडी लावत जा वं," तो म्हणाला. "किती येळा सांगाव तुले?"

मामा घाईनं म्हणाले, "अवो भाऊ, थे त मी..."

"चुकलं, बाबा," पिंकी म्हणाली.

मोतीराम खुर्चीवर बसला. मामांकडे वळून म्हणाला, "तुमची भाची गुणाची आहे, श्यामभाऊ. पन बदकातलं काई समजत नाई तिले. मलेच पाहा लागते सारं."

मामांनी एकदा त्याच्याकडे, एकदा भाचीकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदाच कुठेतरी अडकला. पिंकी आत जायला वळली होती.

"आन आयक," मोतीरामनं मागून हाक दिली.

ती थांबली.

"थे परात. उद्यापासून बाहेर ठेवजो, लिंबाखाली. तठी सावली चांगली आहे."