गुरुवारची बिलं

भोसरीत माझ्या गाळ्याला लागून ज्योतीरामचं प्रेसचं वर्कशॉप. चाकणच्या एका कंपनीचा पत्रा घ्यायचा, ब्रॅकेट दाबून द्यायचे, मजुरी घ्यायची. त्याच्या मालाला कधी कोणी नावं ठेवली नाहीत. मजुरी मात्र वेळेवर कधीच हातात पडायची नाही. टपरीवर चहा पीत आम्ही दोघं त्या कंपनीला यथेच्छ शिव्या घालायचो. मोठे लोक पैसे दाबून बसतात, यावर आमचं ठाम एकमत होतं.

श्रावणात पाणी गळ्याशी आलं. पगार थकले, बँकेचा हप्ता चुकला. ज्योतीरामनं प्रेसच विकायला काढली. जयसिंग नावाच्या मशिनवाल्यानं इसार दिला, दिवाळीनंतर क्रेन आणतो म्हणाला. ती प्रेस गेली की गाळ्यात उरणार होत्या फक्त भिंती.

तेव्हा त्याची बायको, सुमनताई, गाळ्यात येऊन बसू लागल्या. त्यांनी शिव्या घातल्या नाहीत. सरळ कंपनीच्या अकाउंट्सला फोन लावला आणि विचारलं, "आमचे पैसे का अडलेत?"

"ताई, अडले नाहीत," पलीकडची मुलगी म्हणाली. "बिल आलं की दीड महिन्यात आम्ही देतोच. तुमचं बिलच उशिरा येतं. आम्ही बिलं फक्त बुधवारी घेतो."

आता आमच्याकडे सुट्टी गुरुवारची. आठवडाभर ज्योतीराम प्रेसवर. माल नुसत्या डिलिव्हरी चलनावर, बिलाशिवाय पुढे जायचा आणि बिलं तो गुरुवारी निवांत, स्वतःच्या हातानं करायचा. म्हणजे कंपनीचा बुधवार उलटला की हा पठ्ठ्या बिलाला बसायचा. वर्षानुवर्षं. कामाच्या धबडग्यात काही गुरुवार तर कोरडेच गेलेले. त्या मालाचं बिलच झालं नव्हतं.

सुमनताई म्हणाल्या, "माल तुम्ही तपासा. बिलं मी मंगळवारी करते."

"माझ्या सहीबिगर बिल जायचं न्हाई." ज्योतीराम राजगुरुनगरकडचा, चिडला की गावची बोली बाहेर येते.

"मग मंगळवारी सही करा. प्रेस थांबवून."

प्रेस थांबवायची म्हटल्यावर त्याचा चेहराच पडला. गाल फुगवून हिंडला. मंगळवारी मात्र हात पुसले आणि सहीचा अधिकार बायकोला लिहून दिला. त्याच्या जागी मी असतो तर महिनाभर भांडलो असतो.

राहिलेली बिलं गेली, नवी वेळेवर जाऊ लागली. दिवाळीच्या आत पगार आणि हप्ता, दोन्ही चुकते झाले.

ठरल्याप्रमाणे जयसिंग क्रेन घेऊन आला. आम्ही शेजारचे गाळेवाले बघायला जमलो. सुमनताई आत बिलं करत बसल्या होत्या. ज्योतीरामनं इसार त्याच्या हातावर परत ठेवला.

जयसिंग हसला. "पैसे कोणाकडून उचललेस राव?"

धंद्यात माणूस काहीही कबूल करतो, स्वतःची चूक सोडून. चार गाळेवाल्यांसमोर तर नाहीच. मला वाटलं, आता हा सगळं कंपनीवर ढकलेल.

"कुणाकडनं न्हाई," ज्योतीराम म्हणाला. "आमचेच व्हते. मीच अडवून बसलो व्हतो. हिनं सोडवले."