उसना आवाज

बुद्धप्रियाने ब्लाउजपीस पुढे केला आणि म्हणाली, "चाची, शनिवारपर्यंत होईल का?"

सायराबानूंचा पाय शिलाई मशीनवर थबकला. भवानी पेठेतल्या त्या अरुंद खोलीत शेजारच्या यंत्रमागांची धडधड भिंतीतून झिरपत होती. उन्हाच्या तिरिपेत सुताचे तंतू तरंगत होते. सायराबानूंनी डोळे मिटून घेतले, जणू बुद्धप्रियाचा आवाज पुन्हा एकदा दुरून, फोनवरून यावा.

"तुमीच की त्या," त्या म्हणाल्या. "विमा कंपनीच्या."

बुद्धप्रियाने पुढे केलेला ब्लाउजपीस मागे घेतला. सात रस्त्याजवळच्या एका विमा कंपनीत असताना तिने काचेच्या खोलीत बसून पानंच्या पानं मोठ्याने वाचली होती. कॉम्प्युटरला तिच्या आवाजात बोलायला शिकवायचं होतं. हप्त्याची आठवण करून द्यायला, असं साहेब म्हणाले होते. पुढे नोकरी सुटली, आवाज तिथेच राहिला.

सायराबानू स्वतःशीच बोलावं तसं सांगत राहिल्या. नवरा, शेखलाल, गेल्यावर दाव्याच्या चौकशीसाठी सांजेला फोन यायचा. जेवलात का, झोप लागते का, असं विचारायचा. लेकच बोलतेय असं वाटून त्या मोकळ्या होत गेल्या. मुलांनाही न सांगितलेलं सांगून बसल्या: पॉलिसी काढायच्या आधीपासून ते कधी कधी छाती दाबून गप्प बसायचे, डॉक्टरकडे मात्र जायचे नाहीत. मग दावा नामंजूर झाला. आजार लपवला, म्हणे.

"तुमच्यावर राग न्हाय. नोकरीच ती तुमची. पण बोलून लई हलकं वाटायचं."

'हो, मीच ती,' म्हणून टाकावं, असं बुद्धप्रियाला क्षणभर वाटलं. निदान फोनवरच्या त्या सगळ्या संध्याकाळी तरी खऱ्या म्हणून यांच्याजवळ राहिल्या असत्या.

"चाची, ती मी नव्हते. कॉम्प्युटर बोलत होता. माझा फक्त आवाज होता."

माग धडधडत राहिले. सायराबानूंनी मांडीवरचं कापड उगाच सारखं केलं.

"मग ते ऐकलं कुणी?"

आपण दोघी मिळून कंपनीविरुद्ध तक्रार करू, आवाज कशासाठी घेतला आणि कशाला वापरला ते मी स्वतः येऊन सांगेन, असं बुद्धप्रिया म्हणाली. मग स्टूल ओढून समोर बसली.

"आता मला सांगा. पहिल्यापासून."

सायराबानूंनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांची नजर तिच्या हातातल्या मोबाइलवर होती. बुद्धप्रियाने तो बंद केला आणि दाराबाहेर, चपलांजवळ ठेवून आली.

तरीही सायराबानू अगदी हळू आवाजातच बोलू लागल्या.