चार ओळींपायी मेलेलं कोकरू

संडे स्कूलची मुलं तिला कोडेबाई म्हणत. मोठी माणसंही तेच म्हणत, फक्त ती पाठीमागे. मुलांच्या मासिकातलं मधलं पान गेली एकोणीस वर्षं तिच्या ताब्यात होतं. वर बायबलमधल्या नावांचं शब्दकोडं, मध्ये बोधकथा, खाली सांकेतिक लिपी. लिपी दर महिन्याला नवी. कधी अक्षरांऐवजी आकडे, तर कधी मासे, दिवे नि शिड्या. मुलांनी त्यातलं वचन शोधायचं आणि कागद कापून पाठवायचा. उत्तर बरोबर असेल तर ‘शाबास’ असा निळा शिक्का मारलेलं कार्ड मिळे. मुलं खरं नाव लिहीत नसत. प्रत्येकाचं एक गुप्त नाव असे, आणि कुठलं नाव कुणाचं ते फक्त कोडेबाईच्या वहीत.

कागद तपासायचे तिच्या थोरल्या बहिणीने. ताईने त्यासाठी दर महिन्याला एक पुठ्ठा कापून त्याला आठ खिडक्या पाडायच्या. पुठ्ठा कागदावर ठेवला की वचनातली आठ अक्षरं खिडक्यांतून डोकावत. जुळली की शिक्का. चहा गार व्हायच्या आत शंभर कागद हातावेगळे. उरलेला कागद पुठ्ठ्याखाली झाकलेला, तो बघायचं कारणच नव्हतं.

त्या झाकलेल्या भागात तळाशी एक चौकट असे. ‘इथे लिपीतच तुझी प्रार्थना लिही. ती फक्त प्रभू वाचेल.’ हे वाक्य कोडेबाईचं, आणि त्यावर ती स्वतःच फार खूश होती. बरीच मुलं तिथे सायकलचं चित्र काढून मोकळी होत. प्रभूला लिपीपेक्षा चित्र लवकर कळतं, असा त्यांचा व्यवहारी हिशेब.

एका सकाळी ती रद्दीसाठी जुने गठ्ठे बांधत होती. चार महिन्यांचे चार कागद एकाच हस्ताक्षराचे निघाले. खाली सही ‘मुंगी’. चारही चौकटी काठोकाठ भरलेल्या, खाडाखोड नाही. आता कोडं घालणाऱ्या बाईसमोर इतकी स्वच्छ लिपी आली आणि तिने नजर फिरवली, असं होत नाही. ‘लिपी बरोबर वापरलीय का तेवढंच बघते,’ असं तिने स्वतःला समजावलं, आणि वाचलं.

पहिला कागद: ‘प्रभू, मी खोटं बोलले म्हणून तू आमचं बाळ नेलंस. मी आता शाळेत डबा खाणार नाही.’

दुसरा: ‘रात्री पण अर्धंच खाते. पुरे का?’

तिसऱ्यात दिवस मोजले होते. चौथ्यात एवढंच होतं: ‘बाळ परत नाही दिलंस तरी चालेल. पण आईला हसव.’

चारही कागदांच्या कोपऱ्यात ताईची निळी खूण होती. म्हणजे चार महिने या पोरीला घरपोच ‘शाबास’ गेलं होतं.

“ताई, हे वाचलं होतंस?”

“मी कशाला वाचू?” ताई पुठ्ठा कापत होती. “फक्त प्रभू वाचेल असं छापलंय कुणी? मी तर नाही.”

“अगं, पोरगी जेवत नाहीये.”

ताईने कात्री खाली ठेवली. कोडेबाईने चारही कागद वाचून दाखवले, तेव्हा तिने ते चारही ओळीने समोर मांडले. मग म्हणाली, “पहिला कागद कुठल्या अंकाचा?”

कोडेबाईने अंक काढून मधलं पान उघडलं. त्या महिन्याची बोधकथा तिचीच होती. मेंढवाड्याचं दार लावलं, असं मुलगा बापाला खोटंच सांगतो. रात्री कोकरू बाहेर जातं, सकाळी मेलेलं सापडतं. ‘मुलांनो, एका खोट्याची किंमत कोण देतं पाहिलंत?’

खरं तर तिने लिहिलं तेव्हा कोकरू जिवंत होतं, काटेरी झुडपात अडकलेलं. मग छापखान्यातून निरोप आला, “बाई, पानावर चार ओळींची जागा उरलीय, काहीतरी द्या.” चार ओळींत कोकराला घरी आणून त्याचे काटे काढणं बसेना. मारणं मात्र नेमकं बसलं. शिवाय बोधही पक्का झाला. पाळकसाहेबांनी तर उपासनेनंतर मुद्दाम हाक मारून वाखाणणी केली होती.

“जा तिच्याकडे,” ताई म्हणाली. “आणि तिथे जाऊन शिकवत बसू नकोस. तुला खोड आहे.”

वहीत मुंगीचं खरं नाव आणि पत्ता होता. नऊ वर्षांची, संडे स्कूलच्या दुसऱ्या बाकावर बसणारी. तिचे गाल बसलेले कोडेबाईने पाहिले होते आणि ‘उंची घेतेय’ म्हणून सोडून दिलं होतं.

शाळा सुटल्यावर ती तिथे पोचली. पुढच्या खोलीत आई शिलाई मशीनवर पडद्यांच्या कडा मारत होती. कापडाचा ढीग गुडघ्यापर्यंत. आईने मान वर न करता खुर्चीकडे बोट केलं.

“बसा बाई. आज संध्याकाळी द्यायचेत सगळे. मुलीने काही केलं का?”

“छे गं. कोड्याचं विचारायचं होतं तिला.”

“विचारा. जरा खाण्याचंही सांगा. डबा रोज रिकामा येतो, पण अंगी काही लागत नाही. कुठे जातं कोण जाणे!” मशीन पुन्हा धडधडू लागलं.

मुलगी आतल्या खोलीत खाटेवर पाय जवळ घेऊन बसली होती. कोडेबाई दाराशी उभी राहिली. वर्गात चाळीस मुलांना एका नजरेत गप्प करणारी ही बाई; पण या एका मुंगीपुढे तिला आत पाऊल टाकवेना.

“कोकराची गोष्ट मी लिहिलीय,” ती म्हणाली.

“माहितेय. खाली नाव असतं.”

“कोकरू मरणार नव्हतं. मीच मारलं.”

मुलीने मान वर केली. “का?”

“पानावर चार ओळींची जागा उरली होती. भरायला काही सुचेना.”

पोरीच्या कपाळावर आठी पडली; अवघड लिपी पुढ्यात आली की पडायची, तशीच. मग ती हळूच म्हणाली, “तुम्ही माझी चौकट वाचलीत.”

“हो.”

“फक्त प्रभू वाचेल असं लिहिलं होतं.”

“हो. लिहिलं होतं मीच.”

“म्हणजे तुम्ही खोटं बोललात.”

“बोलले.”

“मग तुमचं काय गेलं?”

कोडेबाईला प्रश्नाचा रोख कळायला क्षणभर लागला. पोरीने हिशेब चोख मांडला होता: खोटं बोललं की काहीतरी जातं, तर तुमचं गेलेलं दाखवा. काय दाखवणार? रात्रीची झोप बरी होती, गुडघेसुद्धा या वर्षी बरे होते, नि ती गोष्ट छापल्यावर पदरात पडली होती ती वाखाणणी.

“काहीच गेलं नाही गं,” ती म्हणाली. “देव तसं मोजून उचलून नेत नाही. मी लिहिलं तसं, पण ते चुकीचं होतं.”

“आईने विचारलं होतं, बाळाला घ्यायच्या आधी हात धुतलेस ना. मी हो म्हटलं.” मुलगी आता गुडघ्यांशी बोलत होती. “मी धुतले नव्हते. मग त्याला ताप आला.”

मशीन थांबलं होतं. ते कधी थांबलं, दोघींनाही कळलं नव्हतं. आई दारात उभी होती, हातात पडद्याचं टोक तसंच.

“ताप नव्हता गं तो,” ती म्हणाली. “त्याचं काळीजच पुरतं झालेलं नव्हतं. जन्मल्या दिवशीच डॉक्टरांनी सांगितलं होतं. तू त्याला हातसुद्धा लावला नव्हतास तेव्हा.”

“मला नाही सांगितलंस.”

“तू लहान म्हणून...” वाक्य तिथेच अडलं. आई उंबऱ्यावरच खाली बसली आणि रडायला लागली. चार महिन्यांचं साठलेलं, तोंडात पदर कोंबूनही न आवरणारं.

मुलीने कोडेबाईकडे अशी नजर टाकली की तिला भिंतीत शिरावंसं वाटलं. “बघा. रडवलंत तिला. मी इतके दिवस काही बोलले नव्हते.”

धीर द्यायला जमतील अशी चारपाच वचनं कोडेबाईच्या जिभेवर आली. ताईचं बोलणं आठवून ती तिने गिळली. ती स्वयंपाकघरात गेली, मिळालं ते भांडं घेतलं, पाणी आणलं. मग फडक्याखाली ब्रेड आणि उकडलेलं अंडं दिसलं, तेही ताटलीत घालून आणलं.

आईने डोळे पुसले. ब्रेडचा तुकडा मोडून मुलीसमोर धरला. मुलीने तोंड मिटलेलंच ठेवलं.

“ती गोष्ट बाकीच्यांनीही वाचलीय,” ती कोडेबाईला म्हणाली.

“पुढच्या अंकात छापते की ते मी चुकीचं लिहिलं.”

“लिपीत नको. साध्या अक्षरांत.”

“साध्या अक्षरांत.” पाळकसाहेबांचा चेहरा कोडेबाईच्या डोळ्यांपुढे आला. ते म्हणणार, मुलांच्या मनात संशय कशाला? मासिकाच्या बैठकीत आपला किती टिकाव लागेल, याची तिला खात्री नव्हती. तरी तिने मान हलवली.

मुलीने घास घेतला. चावताना डोळे आईवर. दुसरा घेतला, तिसरा हातात धरून थांबली.

“रोजचा डबा कुणाला देत होतीस गं?” आईने विचारलं. आवाज अजून ओलाच होता.

“शेजारच्या बाकावरच्या मुलीला. ती कधी डबा आणतच नाही.” तिने तुकडा ताटलीत परत ठेवला. “आई, उद्या मी खायला लागले तर ती काय खाईल?”