जुळणी ९८

सोमवारी सकाळी औषध कंपनीच्या माणसाने फिटवरच्या गोळ्यांचं सीलबंद पाकीट प्रयोगशाळेत आणून दिलं. थेट कारखान्यातून. तपासनीस बाईने एक गोळी मशीनखाली ठेवली. प्रकाश पडला, पडद्यावर आलेख उमटला आणि खाली लाल अक्षरं आली: जुळणी ६१, नापास.

"कारखानाच बनावट निघाला की काय!" साहेब हसले. "मशीनला चहा पाजा."

दुसरी गोळी ६०. तिसरी ६१.

खऱ्या गोळीचा आलेख एकदा साठवायचा आणि पुढची प्रत्येक गोळी त्याच्याशी ताडायची, एवढंच मशीनचं काम. ९५च्या वर गेली की पास. तो मूळ आलेख अकरा महिन्यांपूर्वी तिनेच साठवला होता. नमुना कंपनीकडूनच घ्यायचा, असा नियम. पण पत्राला उत्तर येईना आणि वरून तगादा लागलेला. "समोर रुग्णालयाचं भांडार आहे, तिथली आण," साहेब म्हणाले होते. तिने आणली होती.

दुपारी रासायनिक चाचणीचा निकाल आला. कंपनीच्या गोळीत औषध पुरेपूर. भांडारातून आणलेल्या त्या मूळ पाकिटात खडू आणि स्टार्च.

साठवलेले सगळे आलेख तिने नव्या नमुन्याशी ताडले. संगणकाला चार मिनिटं लागली. पास केलेले चौसष्ट साठे नापास झाले. बनावट म्हणून जाळलेले आठ पास झाले.

"अहवालात चूक हा शब्द नको," साहेब म्हणाले. "संदर्भ नमुन्यात सुधारणा, असं लिही."

"खरी औषधं जाळली आणि खोटी लोकांना दिली, याला सुधारणा म्हणायचं?"

"हळू बोल. दार उघडं आहे."

यादीत शेवटी एक नोंद होती, कुठल्याच साठ्याची नसलेली: 'ताई'. सहा महिन्यांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत तिने थोरल्या बहिणीची गोळी तपासली होती. जुळणी ९८. त्याच संध्याकाळी तिने ताईला झापलं होतं. "गोळ्या अस्सल आहेत, मी स्वतः बघितल्यात. तूच चुकवतेस."

"नाही गं, शपथ."

"मग फिट कशी येते? मशीनचं काय तुझ्याशी वैर आहे?"

आता तिने 'ताई'वर बोट ठेवलं. ५९.

गुरुवारी ताईला न्हाणीघरात चाळीस मिनिटं फिट आली होती. तेव्हापासून ती बेशुद्ध होती. जागी झाली तरी कुणाला ओळखेल असं नाही, डॉक्टर म्हणाले होते.

भेटीच्या वेळेला तपासनीस बाई रुग्णालयात पोचली. भावोजी बाकावर बसले होते.

"त्या सकाळीही ओरडलो मी तिच्यावर," ते म्हणाले. "पाकिटं रिकामी व्हायची, म्हणजे फेकतच असणार. तूही सांगून पाहिलंस. ऐकायचंच नाही म्हटल्यावर आपण काय करणार?"

"भावोजी, गोळ्यांत औषधच नव्हतं. माझा नमुना खोटा होता. मी खोटीला खरी म्हटलं."

त्यांना कळलं नाही. तिने पुन्हा, सावकाश सांगितलं.

"म्हणजे ती घेत होती?"

"रोज."

"मग मला काय सांगतेस?" ते म्हणाले. "जा, तिला सांग."

ती आत गेली. ताईच्या कानाशी वाकून तिने सांगितलं.

"त्यांना काही कळत नाहीये हो," सलाईन बदलताना नर्स म्हणाली.

तिने मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.